फेवरलुबाची तबकडी

मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटच्या अंगाला जुन्या घड्याळांच्या टपऱ्या आहेत. तेथे एखादा जाणता गिऱ्हाईक येतो तेव्हा एक मौज पाहायला मिळते. समोर मखमलीवर घड्याळे मांडलेली असतात. काहींच्या तबकड्या मोरपिशी, काहींच्या डाळिंबी. काटे चमचमणारे, डबीला आरशासारखी झिलई. गिऱ्हाईक ती सारी बाजूला सारतो आणि कोपऱ्यातले एक कळकट घड्याळ उचलतो. त्याची तबकडी पिवळट पडलेली, चारच्या आकड्यापाशी ओल लागून तांबूस डाग आलेला, काचेवर ओरखडे. तो ते उलटसुलट करून पाहतो, भिंग लावतो आणि चकचकीत घड्याळाच्या दुप्पट पैसे मोजून घेऊन जातो. पाहणाऱ्याला वाटावे, हा एक तर वेडा असेल किंवा पैसा जास्त झालेला असेल. पण टपरीवाला हसत नाही. त्याला कारण ठाऊक असते.

ते कारण सांगायचे तर एका घड्याळाची सारी हकीकत सांगावी लागेल. ते घड्याळ परदेशी. पण आपल्या आजोबा-पणजोबांनी ते इतके आपले करून टाकले की त्याचे नावही बदलले. स्वित्झर्लंडमधील फाव्र आणि ल्यूबा या दोन घराण्यांची ती कंपनी. आपल्या लोकांनी दोन्ही आडनावे एकत्र मळली आणि त्यांचा एक शब्द केला – फेवरलुबा. ऐकणाऱ्याला ते कोकणातल्या एखाद्या वाडीचे नाव वाटावे!

स्वित्झर्लंडच्या ज्यूरा डोंगरात ल लोक्ल नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तिकडे शेतावर बर्फ साचते आणि शेतकऱ्याला काम राहत नाही. त्या रिकाम्या महिन्यांत चुलीपाशी बसून घड्याळाचे सुटे भाग घडवायचे, अशी त्या मुलखाची जुनी रीत. आमच्या पारनेर तालुक्यातही सुगी संपली की शेतात काम उरत नाही. मात्र आमच्याकडे बर्फाऐवजी दुष्काळ असतो, आणि रिकाम्या हातांना काम शोधायला मुंबई गाठावी लागते. असो. त्या ल लोक्ल गावात १७३७ साली आब्राहाम फाव्र हा घड्याळजी धंदा करीत होता. पुढे १८१५ च्या सुमारास ल्यूबा घराण्याशी भागीदारी झाली, १८५५ साली फ्रिट्झ फाव्र याने ल्यूबांच्या घरातील मुलीशी लग्न केले आणि दुकानावरची पाटी कायमची जोडनावाची झाली. हाच फ्रिट्झ १८६५ साली हिंदुस्थानात आला, आणि लवकरच मुंबईत कंपनीचे बस्तान बसले.

त्याने मुंबई निवडली यात नवल नव्हते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेनासा झाला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि कित्येक शेठ एका रात्रीत भिकेला लागले हे खरे; पण तोवर शहराचे रूप पालटले होते. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या राजाने दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला आणि १८७८ साली पुरा झाला. आईचे नाव दिलेला तो मनोरा म्हणजे शहराने स्वतःसाठी बांधलेले घड्याळच होते. आगगाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८६३ साली बोरघाट ओलांडून गेली होती. गाडी कोणासाठी थांबत नाही, हा धडा लोक शिकत होते. घड्याळ विकायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

तोपर्यंत आपला काळ घटकांत मोजला जाई. पाण्यावर तरंगणारे, बुडाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र चोवीस मिनिटांत भरून बुडे. ती एक घटका. अशा साठ घटकांचा दिवस. लग्नाचा मुहूर्त त्यावर साधला जाई. मिनिटांशी आपले काही अडत नव्हते. आणि जेव्हा अडू लागले तेव्हा एका काळाऐवजी दोन आले! १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. पण मुंबईने आपली 'मुंबई वेळ' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. स्टेशनवरचे घड्याळ एक वेळ सांगे, नगरपालिकेचे दुसरी. हा घोळ पुरता मिटायला १९५५ साल उजाडावे लागले. त्या पन्नास वर्षांत मुंबईत कोणी "किती वाजले?" असे विचारले, तर "कोणते?" असे उलट विचारण्याची सोय होती.

मनगटी घड्याळ मात्र या साऱ्यात उशिरा आले. पूर्वी घड्याळ म्हणजे कोटाच्या खिशातले, साखळीचे. मनगटावर घड्याळ बांधणे हे बायकांचे लेणे समजले जाई. ही समजूत पहिल्या महायुद्धाने मोडली. खंदकात उभ्या असलेल्या शिपायाला खिशात हात घालायला सवड नव्हती. त्या काळात फौजेतल्या आपल्या लोकांचे आवडते घड्याळ म्हणजे वेस्ट एंड. ही दुसरी स्विस कंपनी, १८८६ साली निघालेली आणि मुंबई-कलकत्त्याच्या बाजारावरच पोसलेली. तिच्या घड्याळाचे नाव 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार स्वार! वेस्ट एंडची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे; येथे एवढेच सांगतो की, ज्या घरात सैनिक होता त्या घरात वेस्ट एंड आणि ज्या घरात जावई होता त्या घरात फेवरलुबा, अशी ढोबळ वाटणी करायला हरकत नाही.

जावयाचा उल्लेख उगाच केलेला नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर लग्नाच्या याद्या करताना घड्याळ, अंगठी आणि सायकल या तीन वस्तूंवर बैठकी अडत. मुलीचा बाप अंगठीत एक गुंज कमी करील, पण घड्याळात हात आखडता घेणार नाही. कारण अंगठीचे वजन कोणी पाहत नसे, घड्याळावरचे नाव सारे गाव वाचे. त्या वेळचे कोणतेही लग्नाचे छायाचित्र पाहा. नवरदेव डावा हात गुडघ्यावर असा ठेवतो की बाही मागे सरावी आणि तबकडी दिसावी. त्या तबकड्यांवर 'सी चीफ', 'सी किंग' अशी नावे असत. सागराचा सरदार, सागराचा राजा! आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते. अशा मुलखात दोन पिढ्यांनी सागराचा राजा मनगटावर बाळगला, आणि त्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला तो मुंबईला गिरणीत नोकरी लागल्यावरच.

१९५५ पासून पुढची पंधरा वर्षे म्हणजे या कंपनीचा भरभराटीचा काळ. तिने स्वतःची यंत्रे बनविली. एकाऐवजी दोन स्प्रिंगांच्या डब्या बसवून चावी दिल्यावर पन्नास तास चालणारे पातळ यंत्र काढले. आणि १९६२ साली 'बिवूआक' नावाचे जे घड्याळ काढले, ते संग्राहकांच्या जगात आज अत्यंत दुर्मिळ रत्नांत गणले जाते. हे घड्याळ वेळेबरोबर उंची सांगे. त्याच्या पोटात निर्वात केलेली पातळ धातूची एक डबी असे. डोंगर चढावा तसा हवेचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की ती डबी किंचित फुगते. त्या फुगण्यावर एक काटा फिरतो आणि तीन हजार मीटरपर्यंतची उंची दाखवितो. विजेचा संबंध नाही, सारे लोखंडपितळेचे काम. १९६४ साली वॉल्टर बोनाती आणि मिशेल वॉशे हे गिर्यारोहक आल्प्समधील ग्रांद जोरास या शिखराची अवघड धार चढले तेव्हा त्यांच्याजवळ बिवूआक होते. आमच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण. तेथे या घड्याळाचा काटा जेमतेम अर्ध्यापलीकडे सरकला असता. पुढे १९६८ मध्ये याच कंपनीने उलटा विचार केला आणि पाणबुड्याला खोली दाखविणारे 'बाथी' काढले. ही दोन्ही घड्याळे आपल्याकडच्या जावयांच्या वाट्याला फारशी आली नसणार. त्यांच्या वाट्याला साधे, चावीचे, सतरा खड्यांचे फेवरलुबा आले.

हे 'खडे' काय असतात ते अनेकांना ठाऊक नसते. सतरा खड्यांचे घड्याळ म्हणजे दागिना नव्हे. यंत्रातली चाके ज्या टोकांवर फिरतात ती टोके झिजू नयेत म्हणून त्यांच्याखाली कृत्रिम माणकाचे बारीक खडे बसवितात. अशा घड्याळाचा तोल साधारणपणे सेकंदाला पाच ठोके देतो. दिवसाला चार लाख बत्तीस हजार. पन्नास वर्षे रोज एवढे ठोके सोसणारी दुसरी कोणती वस्तू घरात असते, याचा वाचकांनी दिवाळीच्या साफसफाईत शोध घ्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९५६-५७ च्या सुमारास देशापाशी परकीय चलनाची टंचाई झाली आणि परदेशी मालावर कडक निर्बंध आले. सरकारने हिंदुस्थान मशीन टूल्स या आपल्या कारखान्याला घड्याळे करायला सांगितले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला एच.एम.टी. घड्याळ तयार झाले आणि पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते ते बाहेर पडले. त्यांपैकी एकाचे नाव 'जनता', आणि काही तबकड्यांवर ते चक्क देवनागरीत लिहिलेले! हेही घड्याळ पुढे घरोघर गेले. परंतु स्विस घड्याळाची हौस काही सुटेना. मग ते चोरवाटांनी येऊ लागले. साठ-सत्तर सालांत चोरट्या मालात सोन्याच्या खालोखाल घड्याळांचे नाव असे. घड्याळ चोरून आणता येते, पण त्याचे बारीकसारीक सुटे भाग कोण आणणार? घड्याळ तर बिघडणारच. अशा वेळी सारा भार येऊन पडला तो आपल्या बाजारपेठेतल्या घड्याळजीवर.

या माणसाविषयी मला मोठा आदर आहे. तीन फुटांची काचेची पेटी, एक दिवा, डोळ्याला लावायचे भिंग, चिमटे, आणि काडेपेट्यांत जपून ठेवलेले मेलेल्या घड्याळांचे अवयव. एकाचा तोल दुसऱ्याला, दुसऱ्याची चावी तिसऱ्याला. भाग मिळाला नाही तर तो स्वतः घासून बनवी. आणि तबकडी? आपल्याकडचा पावसाळा आणि आपल्या माणसाचा घाम या दोहोंपुढे स्विस तबकडी किती टिकणार? डाग पडत, आकडे पुसट होत. गिऱ्हाईक म्हणे, "नव्यासारखं करून द्या." मग जुना रंग खरवडून काढायचा, नवा लावायचा, वर नाव छापायचे. मुंबईत हे काम करणारे कसबी लोक होते, आजही आहेत. त्यात लबाडी काही नव्हती. घड्याळ वापरायचे होते, मिरवायचे होते. कपाटात पुजायचे नव्हते.

लबाडी शिरली ती पुढे. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विकायला काढले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरले. आपल्याकडे टायटन आले, बॅटरी आली. फाव्र घराण्याच्या आठ पिढ्यांच्या हातून १९८५ साली कंपनी निसटली. (तिचे नाव या हातातून त्या हातात फिरत २०११ साली टाटांच्या टायटनकडे, म्हणजे पुन्हा हिंदुस्थानात आले, हा दैवाचा एक खेळच.) एच.एम.टी.ची घड्याळे बंद करण्याचा निर्णयही २०१६ साली झाला. घरोघरची जुनी घड्याळे पेटाऱ्यांतून निघाली आणि मातीमोलाने भंगारात गेली. तिथून ती चोरबाजारात आली. एकाची डबी, दुसऱ्याचे यंत्र, तिसऱ्याचे काटे असे जोडून वर झगमगीत रंगाची तबकडी चढली, आणि ती 'जुनी अस्सल स्विस' म्हणून परदेशी गिऱ्हाइकांना विकली जाऊ लागली. जगभरच्या संग्राहकांनी या मालाला नावच ठेवले – 'मुंबई स्पेशल'. आपल्या शहराच्या नावाला मिळालेली ही पदवी भूषणावह नव्हे.

हे रंगविलेले घड्याळ ओळखावे कसे? कारखान्यातली अक्षरे केसाएवढ्या रेघांची असतात; रंगाऱ्याची जाड, आणि पुष्कळदा किंचित तिरपी. सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड' असायला हवे, ते गायब असते. सेकंदाच्या छोट्या वर्तुळातल्या रेघा मोजल्या तर साठ भरत नाहीत. कंपनीने कधी वापरलाच नाही असा रंग असतो. डबी इतकी घासलेली असते की तिच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. एक गोष्ट मात्र जाता जाता सांगून ठेवतो: अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांवर खरोखरच रेडियम लावलेले असे. आज ती चमकत नसली तरी रेडियम तेथेच असते. त्याचा जोर अर्ध्यावर यायला सोळाशे वर्षे लागतात. तेव्हा पोरांनी ते नखाने खरवडू नये.

तर गिऱ्हाईक डागाळलेले घड्याळ का घेतो, हे आता कळून येईल. ज्या देशात फेवरलुबा घराघरांत पोचले, त्याच देशात न रंगविलेले, न बदललेले फेवरलुबा मिळणे कठीण झाले आहे. परदेशात घड्याळ जुने झाले की ते खणात पडून राही. आपल्याकडे ते पडून राहिलेच नाही. वडिलांकडून थोरल्याकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे जात राहिले, दुरुस्त होत राहिले, रंगत राहिले. आपल्या निगुतीनेच ते दुर्मिळ केले. एखाद्या हेमाडपंती देवळाच्या कोरीव खांबांना गावकरी मोठ्या भक्तीने ऑइलपेंट लावतात. भक्तीत खोट नसते, पण खाली दगडावर काय कोरले होते ते मात्र गेलेले असते. संग्राहक शोधतो ते खालचे. त्याला तबकडीवरचा तो तांबूस डाग हवा असतो, कारण तो डाग म्हणजे हिच्यावर कोणी हात चालविला नाही याची ग्वाही.

माझे मन मात्र सर्वस्वी संग्राहकाच्या बाजूचे नाही. त्याला न दुरुस्त झालेले घड्याळ प्रिय. पण दुरुस्तीच झाली नसती तर यातली निम्मी घड्याळे केव्हाच मेली असती. काही थोर संग्राहक घड्याळ काचेच्या पेटीत ठेवतात आणि त्याला कधी चावी देत नाहीत. हे मला गाईला दागिने घालून चारा न देण्यासारखे वाटते.

मागच्या वर्षी आमच्या सुप्याजवळच्या एका वाडीवरच्या आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. नातू औद्योगिक वसाहतीत कामाला. पूर्वी माझ्या वर्गात होता. आजींनी पदराच्या गाठीतून फेवरलुबा काढले. त्यांचे मालक मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर कायमचे गावी आले, आणि काही वर्षांपूर्वी वारले. घड्याळ १९६८ च्या लग्नातले, आजींच्या वडिलांनी दिलेले. एक व्यापारी ते मागत होता.

"गुरुजी, ह्यो म्हन्तो, मुंबईला नेऊन रंगवून आनतो, मंग दाम जादा येईल. तुमी सांगा काय करावं ते."

"आजी, रंगवलं तर दाम उलट कमी येईल," मी म्हणालो.

नातवाचा विश्वास बसेना. "सर, असं कसं? नवं दिसल्यावर भाव वाढायला पाहिजे ना?"

मी त्या दोघांना नगरला माझ्या ओळखीच्या घड्याळजींकडे घेऊन गेलो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, वडिलांच्या पेटीवर अजून बसतात. त्यांनी तबकडीकडे पाहून मान हलविली – मूळचीच होती. मग पाठीचे झाकण उघडले आणि झाकणाची आतली बाजू दिव्याखाली धरली. घड्याळजींची एक जुनी रीत आहे: दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणात आतून सुईच्या टोकाने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवायची, म्हणजे परत आले तर कोणी, केव्हा हात लावला ते कळावे. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. आजींच्या घड्याळात अशा चार ओळी होत्या. घड्याळजी भिंगातून वाचू लागले.

"एकाहत्तर. मग एकदम शहात्तर. चौऱ्याऐंशी. ही चौऱ्याऐंशीची खूण आमच्या वडिलांची. मग ब्याण्णव." ते थांबले. "एकाहत्तर ते शहात्तर काहीच नाही. पाच वर्षं तेलपाणीसुद्धा नाही. बंद होतं का हो आजी?"

"बंद नव्हं, गहान व्हतं," आजी म्हणाल्या. "भात्तरच्या दुष्काळात ठिवलं. ह्यांनी पगारातून दोनदा पैसं धाडलं, ते खान्यातच गेलं. मंग मी तलावाच्या कामावर खडी फोडली, तवा सुटलं. ह्यांना ठावंच नव्हतं कितीला सुटलं ते."

नातू झाकण हातात घेऊन बराच वेळ त्या दोन ओळींमधली जागा पाहत होता. त्याने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. विकण्याचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. घड्याळजींनी यंत्र साफ केले, तेलाचे थेंब सोडले, चावी दिली. तोल एकदा अडखळला आणि चालू लागला. झाकण लावण्यापूर्वी त्यांनी सुई घेतली, चौथ्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख कोरली, आणि मजुरीचे तीनशे रुपये मागितले. ते आजींनीच दिले.